वर्गात वेगवेगळ्या घरची मुलं असतील तर शिकवायचं कसं: मुंबईतल्या शिक्षकांसाठी पायरी-पायरीने

मुंबईत कुठल्याही पाचवीच्या वर्गात नुसती हजेरी घेतली तरी कळतं की समोर किती ठिकाणची मुलं बसलीयत. कुणाचं घर मूळचं रत्नागिरीचं, कुणाचं जौनपूरचं, कुणी नांदेडहून बांधकामाच्या मागे आलेलं, कुणी तीन पिढ्या धारावीत असलेलं तामिळ घर, कुणी वेसाव्याचं कोळी, आणि गोरेगावकडे असाल तर आरेतल्या पाड्यावरून चालत येणारं वारली पोर. पालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तामिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते खरी, पण माध्यम एक म्हणजे घरची भाषा एक असं अजिबात नसतं. खाजगी शाळेतही शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांमुळे टॉवरमधलं आणि चाळीतलं मूल एकाच बाकावर येतं.

आता या सगळ्याचा अभ्यासाशी काय संबंध, असं बऱ्याच जणांना वाटतं. संस्कृती म्हटलं की आपल्याला गणपती, ईद, पोंगल, पारंपरिक वेश आणि ग्रुप फोटो आठवतो. तो एक दिवस छान जातो, मी त्याच्या विरोधात नाही. पण शिकण्यावर परिणाम करते ती संस्कृती रोजची असते आणि डोळ्यांना दिसत नाही. घरात मुलाशी कोण किती बोलतं, मोठ्यांना उलट प्रश्न विचारलेला चालतो का, हिशोब तोंडी होतो की कागदावर, चुकलं तर हसतात की मारतात की समजावतात, अभ्यासाला बसायला जागा कुठेय, शाळा सुटल्यावर मूल काय करतं. यातूनच मूल शिकायची एक सवय घेऊन येतं आणि आपली शिकवायची पद्धत त्या सवयीशी जुळली नाही की आपण पटकन म्हणतो "कच्चा आहे", "लक्ष नाही", "घरचं वातावरणच तसं".

माझं म्हणणं इतकंच आहे की मुलाच्या समाजाबद्दल अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्या एका मुलाचं घर समजून घ्यायचं आणि मग धडा त्याप्रमाणे थोडा हलवायचा. कसं ते खाली पायरीने लिहिते. सगळं एकदम करायला जाऊ नका, एकेक घ्या.

पायरी १: जूनमध्ये मुलाची माहिती गोळा करा, पण फॉर्मवर नको

शाळेच्या फॉर्मवर असतं ते नाव, जात, जन्मतारीख, आधार. शिकवायला यातलं काहीच उपयोगी पडत नाही. एक साधी शंभर पानी वही घ्या, प्रत्येक मुलाला एक पान द्या आणि हळूहळू, बोलता-बोलता भरत जा. काय लिहायचं?

घरात आईशी कुठली भाषा, आजीशी कुठली, गल्लीत कुठली. घरात कोण वाचतं, वर्तमानपत्र असो, कुराण असो, ज्ञानेश्वरी असो की दुकानाची उधारीची वही असो. शाळेनंतर मूल काय काम करतं, लहान भावंड सांभाळतं का, गजरे ओवतं का, इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटवतं का, वडिलांच्या गाडीवर बसतं का. गावी कधी जातात आणि किती दिवस. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या मुलाला असं काय येतं जे वर्गातल्या दुसऱ्या कुणाला येत नाही. शेवटचा रकाना एकाही मुलाचा रिकामा ठेवायचा नाही, मग त्यासाठी दिवाळी उजाडली तरी चालेल.

विचारायचं कसं हेही महत्त्वाचं. सगळ्यांसमोर "तुझे बाबा काय करतात" हा प्रश्न नको. ज्याचे बाबा नाहीत, दारू पितात, किंवा गटार साफ करतात त्या मुलाला तिथेच गप्प करून टाकतो आपण. त्याऐवजी मधल्या सुट्टीत, "काल शाळा सुटल्यावर काय काय केलंस, सांग की" एवढं पुरतं. मुलं भरभरून सांगतात.

जमलं तर घरी जा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेत ॲरिझोनात लुईस मोल आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी शिक्षकांना मेक्सिकन कामगारांच्या घरी पाठवलं होतं, आणि पाठवलं ते शिकायला, उपदेश करायला नाही. तिथं शिक्षकांना दिसलं की ज्या घरांना शाळा "मागास" समजत होती त्यांच्याकडे शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, व्यापार असं बरंच ज्ञान आहे, आणि मग त्यावरून त्यांनी धडे तयार केले. आपल्याकडे गृहभेट म्हणजे बहुतेक वेळा गैरहजेरीची चौकशी किंवा सर्वेक्षण, त्यामुळे टीचर दारात दिसल्या की घरचे घाबरतात. म्हणून आदल्या दिवशी निरोप द्या, फोटो काढू नका, तक्रार नेऊ नका. चहा दिला तर घ्या, हे तर आवर्जून सांगेन, कारण काही घरांना आजही वाटतं की आपल्या हातचं टीचर घेतील की नाही, आणि तुमच्या एका कप चहाने मूल दुसऱ्या दिवशी वर्गात वेगळं बसतं.

पायरी २: शिक्के काढून टाका

"गुजराती मुलं हिशोबात पक्की", "भैय्याची मुलं टिकत नाहीत", "कोळीवाड्याची पोरं दांडगी", "मुस्लिम मुलींना आठवीनंतर पाठवत नाहीत". स्टाफरूममध्ये हे सहज बोललं जातं आणि बोलणाऱ्याच्या मनात वाईट असतंच असं नाही, पण याचं मुलाच्या पेपरवर काय होतं ते बघा.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधला प्रयोग आहे, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावर भुलभुलैयातून वाट काढायची कोडी दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणावा असा फरक नव्हता. मग दुसऱ्या गटात मुलाचं नाव, गाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली, आणि दलित मुलांची सुटलेली कोडी घटली. कोडी तीच होती, वाढलं होतं फक्त ते मोठ्याने वाचलेलं एक वाक्य.

आता आपल्या वर्गात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे असले की "एससी-एसटीवाल्यांनी हात वर करा" असं म्हटलं जातं ना? ते आजपासून बंद करा. यादी शाळेकडे असतेच, मुलाला बाजूला बोलावून किंवा पालकांच्या हातात फॉर्म द्या. मोफत गणवेश, वह्या, उपस्थिती भत्ता, आरटीईची मुलं, सगळ्याला हाच नियम. वर्गात मुलाला आडनावाने हाक मारू नका, नावाने मारा, आणि नाव नीट उच्चारायला शिका, दोनदा विचारून घ्यावं लागलं तरी चालेल. बाकावरच्या जागा दर पंधरा दिवसांनी बदला म्हणजे एका गल्लीची, एका भाषेची मुलं आपोआप मागे जाऊन बसत नाहीत.

पायरी ३: घरच्या भाषेला वर्गात जागा द्या

मराठी माध्यमात मराठी शिकवायचीच आहे, त्याबद्दल वाद नाही, मुलाला या शहरात मराठी यायलाच हवी. प्रश्न हा आहे की मराठी येईपर्यंत त्याने विज्ञान, गणित समजून घ्यायचं थांबवायचं का.

कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेली एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवी. बोलण्यापुरती नवी भाषा मुलं वर्ष-दोन वर्षांत उचलतात, पण पुस्तकातली, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे तिसरीत आलेलं बिहारचं मूल चौथीत मैदानावर फर्डं मराठी बोलेल, भांडेल, जोक करेल, आणि तरीही "वरील उताऱ्यावरून लेखकाच्या मनःस्थितीचं वर्णन करा" यात अडकेल. आपण म्हणतो, बोलता येतं मग लिहीत का नाही, आळशी आहे! तो आळशी नाही, त्याची वर्षं अजून भरलेली नाहीत.

मी जे सुचवते ते असं. नवीन मुद्दा शिकवला की दोन मिनिटं मुलांना जोडीत, ज्या भाषेत येतं त्या भाषेत, एकमेकांना समजावू द्या. भोजपुरी, उर्दू, तामिळ, मालवणी, काहीही. वर्गात गलका होईल, होऊ द्या. मग फळ्यावर मराठीची चौकट लिहा: "मला वाटतं की ___ होईल, कारण ___." मूल त्यात भरून सांगेल, अडलेला एखादा शब्द त्याच्या भाषेतला चालेल, तो शब्द तुम्ही मराठीत फळ्यावर लिहा आणि सगळ्यांना म्हणायला लावा. आठवड्याभरात चौकटीशिवाय बोलणारी मुलं दिसायला लागतात आणि गंमत म्हणजे मराठी घरची गप्प मुलंही यात बोलायला लागतात, कारण पुस्तकी मराठी त्यांच्याही घरात कुणी बोलत नसतं.

उदाहरण द्यायचं तर बाष्पीभवन घ्या. पुस्तकात उकळतं पातेलं असतं. कोळीवाड्यातलं मूल वर्गात असेल तर त्याला विचारा, बोंबील वाळत कसे घालतात, किती दिवस लागतात, वारा नसेल तर काय होतं, आणि पावसाळ्यात का वाळत नाहीत. ऊन, वारा, हवेतली आर्द्रता, उघडा पृष्ठभाग, सगळा धडा त्या उत्तरात असतो. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी का असते, हा पुढचा प्रश्न मुलंच विचारतात आणि माशांच्या प्रजननावर गाडी जाते. शाकाहारी घरच्या मुलांनी नाक मुरडलं तर त्यांना विचारा तुमच्याकडे पापड, कुरडया, सांडगे गच्चीवर कधी घालतात. सगळ्यांना एकच तत्त्व मिळतं आणि कुणाचं घर हसण्यावारी जात नाही.

मराठी संख्यांचाही असाच घोळ आहे. हिंदी घरच्या मुलाच्या डोक्यात उनतीस असतं आणि एकोणतीस म्हणताना ते ३९ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी वाचायची पद्धत जुन्या पद्धतीसोबत दिली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला, पण अशा मुलांसाठी पहिले काही महिने "वीस नऊ" म्हणवून घेणं आणि मग एकोणतीसवर येणं खरंच सोपं जातं.

पायरी ४: गणितात बाजार आणि फळा जोडा

ही पायरी मला सगळ्यात जवळची, म्हणून जरा लांब लिहिते.

भाजीच्या गाडीवर आईसोबत बसणारा मुलगा तुमच्या वर्गात असेल तर त्याला विचारा, भेंडी ८० रुपये किलो, पाऊण किलोचे किती? तो पापणी लवायच्या आत ६० सांगेल. त्यालाच वहीत ३/४ × ८० लिहून द्या, पेन्सिल चावत बसेल.

हे फक्त आपल्याकडे नाही. १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांना तपासलं. गिऱ्हाईक बनून विचारलं तर ९८ टक्के उत्तरं बरोबर, तीच आकडेमोड शाब्दिक उदाहरण म्हणून दिली तर ७४ टक्के, आणि नुसत्या मांडलेल्या आकड्यांवर ३७ टक्के. २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवरचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला त्यातही हेच दिसलं, आणि उलटही दिसलं की शाळेत गणित येणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळतात. आपल्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनीही मुंबईतल्याच एका मोठ्या वस्तीत, घरगुती कामधंद्यात हात लावणाऱ्या मुलांच्या गणिताचा अभ्यास केलाय. म्हणजे मुलाकडे गणित आहे, पण ते आपोआप फळ्यावर येत नाही, आणि हा पूल बांधायचं काम शिक्षकाचं.

पूल असा बांधा. आधी मुलाला विचारा, ६० कसे काढलेस? तो सांगेल, "अर्ध्याचे चाळीस, पावचे वीस, झाले साठ." त्याचेच शब्द फळ्यावर लिहा. खाली लिहा १/२ चे ४०, १/४ चे २०. मग विचारा, अर्धा आणि पाव मिळून किती? पाऊण. म्हणजे १/२ + १/४ = ३/४. आता वर्गाला सांगा की ३/४ × ८० म्हणजे हेच जे याने आत्ता केलं. लगेच भाव काढून टाका, नुसतं ७२ चे ३/४ द्या. छत्तीस आणि अठरा, चोपन्न. इथं तो मुलगा वर्गाचा शिक्षक झालेला असतो.

पण इथंच थांबू नका, बरेच जण इथं थांबतात. आता ८० चे २/५ द्या. अर्धं-पाव करून हे सुटत नाही, बाजारात दोन-पंचमांश किलो कुणी मागत नाही. मुलगा अडेल, आणि ते चांगलंच आहे. आता पाच समान भाग करायची गरज त्याला स्वतःला वाटते: ८० चे पाच भाग, एकेक १६ चा, दोन भाग ३२. शाळेची रीत कशासाठी असते हे त्याला पहिल्यांदा पटतं, कारण घरची रीत जिथपर्यंत चालते तिथपर्यंत तो स्वतः गेलेला असतो.

असंच शिलाईच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलाकडून इंच आणि कापडाचं मोजमाप, कुंभारवाड्यातल्या मुलीकडून गोल आणि वर्तुळाचा मध्य, रिक्षावाल्याच्या पोराकडून मीटरचं भाडं आणि अंतर. फक्त एक जपा, मुलाच्या कामाचं कौतुक करता करता "तू गाडीवरच बसत जा" असा अर्थ निघू देऊ नका. तो शिकून काहीही होऊ शकतो, ही गाडी त्याची फक्त सुरुवातीची पाटी आहे.

पायरी ५: गप्प मुलाचा अर्थ घाईत लावू नका

"समजलं का?" याला सगळा वर्ग "होऽऽ टीचर" म्हणतो, तो प्रश्न सोडून द्या. कितीतरी घरांत मोठ्यांना "नाही समजलं" म्हणणं हा त्यांचा अपमान समजतात, खाली मान घालून ऐकणं हाच आदर. असं मूल वर्गात हात वर करणार नाही आणि तुमच्या डोळ्यांत बघून बोलणारही नाही.

अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं मोठी झाली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्या मुलाला तर हा वेळ अजूनच लागतो. प्रश्न विचारा, मनात पाच आकडे मोजा, मग आधी शेजाऱ्याला सांगायला लावा, मग वर्गात. "काय नाही समजलं" ऐवजी "यातलं सगळ्यात अवघड कुठलं वाटलं" विचारा, त्याला उत्तर देण्यात अपमान कुणाचाच नाही.

पायरी ६: डबा, सण, प्रोजेक्ट

हे थोडक्यात. डब्याचा वास, मांसाहार, खिचडी न खाणारं मूल यावर शिक्षकाने कधी शेरा मारायचा नाही आणि मुलाने मारला तर तिथेच थांबवायचा. रमजानमध्ये रोजा असलेल्या मुलांना खेळाच्या तासाला धावायला लावू नका, स्कोअर लिहायला बसवा. १४ एप्रिल, ईद, छठ, नाताळ यांना त्या घरच्या मुलालाच सांगायला सांगा, पण आधी त्याची तयारी आहे का विचारा, प्रत्येकाला आपल्या समाजाचा वक्ता व्हायचं नसतं. आणि थर्माकोल, कलर प्रिंट, चार्ट पेपर लागणारे प्रोजेक्ट देऊ नका. त्यात मार्क पालकांच्या पाकिटाला मिळतात.

पायरी ७: गावी जाणाऱ्या मुलांचं वेळापत्रक आधीच बनवा

कोकणातली मुलं गणपतीत जातात, उत्तरेकडची होळी-छठला किंवा मार्चअखेरीसच, काही घरं लग्नसराईत. हे दरवर्षीच होतं, मग दरवर्षी रागावण्यात अर्थ नाही. तुमच्या वहीत तारखा आहेतच. जायच्या आधी चार पानी काम द्या, पण ते गावाकडचं असू द्या: आजीला विचारून दहा पिकांची नावं, ट्रेनच्या स्टेशनांची यादी आणि वेळा, गावच्या विहिरीची खोली, लग्नातल्या पंगतीत किती माणसं आणि किती तांदूळ. परत आल्यावर वर्गात पाच मिनिटं बोलायला द्या. आणि जे कुटुंब कायमचं हलतंय त्यांना सांगा की शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला उशिरा मिळाला म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. किती पालकांना हे माहीतच नसतं आणि मूल वर्षभर घरी बसतं.

पायरी ८: पालकसभा त्यांच्या वेळेत, त्यांच्या भाषेत

मंगळवारी सकाळी अकराची पालकसभा म्हणजे नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बापाची दिवसाची मजुरी गेली, धुणीभांडी करणाऱ्या आईची दोन घरं बुडाली. नाही आले म्हणजे काळजी नाही असं नसतं. संध्याकाळी किंवा रविवारी वस्तीतच अर्धा तास भेटा, मुख्याध्यापकांना विश्वासात घेऊन. व्हॉट्सॲपवर लांबलचक मराठी मेसेज टाकण्यापेक्षा एक मिनिटाची व्हॉइस नोट टाका, हिंदीत दुसरी, ज्यांना वाचता येत नाही तेही ऐकतात. पहिला निरोप नेहमी चांगला असू द्या. आणि न शिकलेल्या आईला "घरी अभ्यास घ्या" सांगू नका, तिला सांगा, "ताई, रोज त्याला विचारा आज काय शिकलास आणि ते तुम्हाला तुमच्या भाषेत समजावून सांगायला लावा." एवढं ती नक्की करू शकते.

पायरी ९: चाचणीत भाषा आणि समज वेगळी काढा

मूल नापास दिसलं की तोच प्रश्न तोंडी, त्याच्या भाषेत, जमलं तर वर्गमित्राच्या मदतीने विचारा. उत्तर आलं तर अडचण मराठीची आहे, मुद्दा पुन्हा शिकवायची गरज नाही, वाक्यं शिकवा. नाही आलं तर मुद्दा पुन्हा, वेगळ्या उदाहरणाने. वहीत दोन रकाने ठेवा, "कळलंय" आणि "मराठीत मांडता येतं". उदाहरणातले शब्दही तपासा. ज्याने कधी शेत पाहिलं नाही त्याला एकर आणि नांगरट घालून क्षेत्रफळ विचारलं तर तो शब्दांतच हरवतो, तिथं दहा बाय बाराची खोली आणि लाद्या द्या.

पायरी १०: एप्रिलमध्ये वही पुढच्या शिक्षकांना द्या

देण्याआधी एकदा वाचून काढा. घरातली भांडणं, कर्ज, आजार, कुणी विश्वासाने सांगितलेलं असं सगळं वाचता येणार नाही असं खोडून टाका, ते पुढे जायला नको. जात-धर्म तर लिहिलेला नसेलच. "हुशार", "ढ", "मस्तीखोर" असे शब्द खोडा. ठेवायचं ते एवढंच: घरच्या भाषा, गावी जायचे महिने, पालकांना भेटायची सोयीची वेळ, कुठल्या रीतीने शिकवलं की कळतं, आणि तो शेवटचा रकाना, त्याला काय येतं. पुढच्या टीचरबरोबर अर्धा तास बसून हे तोंडी सांगता आलं तर उत्तमच, जूनमध्ये त्यांचा पहिला महिना वाचतो.